मिस्त्र्याचा हात आणि नाट्यशाळेचा अर्ज

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे हात रंगभूमीस लागलेले आहेत, पण त्यांचें नांव तेथें लागलेलें नाहीं. गांवच्या जत्रेंत नाटक ठरलें कीं चौकटी कोण ठोकतो? पडद्यावर राजवाडा कोण रंगवितो? सुतार, लोहार, रंगारी, शिंपी, आणि सुगी संपल्यावर मोकळा झालेला शेतकऱ्याचा मुलगा. मग जाहिरातींत ‘नेपथ्य’ या शब्दापुढें नांव कोणाचें? बहुधा दुसऱ्याचें! हा अन्याय कोणा एकाच्या दुष्टपणानें होत नाहीं. तो कागदानें होतो. ज्यानें आराखडा काढला तो नेपथ्यकार, ज्यानें तो उभा केला तो मिस्त्री. पहिल्यास मान, दुसऱ्यास रोजंदारी. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, ज्या मिस्त्र्यास ही विद्या हवी आहे त्यानें तिशी जवळ आली म्हणून न लाजतां नाट्यशाळेचा अर्ज भरावा. आणि नाट्यशाळांनीं त्याच्या हाताची किंमत करावी.

यावर घरींदारीं पहिला प्रश्न निघतो तो असा: “हाताला येतें तें शाळेंत कशाला शिकावयाचें?” कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचा दाखला देण्यांत येतो, आणि तो खरा आहे. कारागिराच्या घरांत १८९० सालीं जन्मलेल्या या पुरुषानें कलाशाळेची पायरी न चढतां, बंधु आनंदराव यांच्यासह, नाटक मंडळ्यांचे पडदे असे रंगविले कीं सारा मुलूख थक्क झाला. पुढें त्यांनीं सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, आणि १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा शेतकऱ्याच्या नाडवणुकीचा बोलपट नव्हे, मूकपट काढला. परंतु बंधूंनो, त्या काळीं नाटक मंडळी हीच शाळा होती. चित्रकार मंडळीसाठीं काम करी, चुका करी, सुधारी. आज तो आश्रय उरला नाहीं. शिवाय प्रत्येक घरांत बाबूराव जन्मत नाहीं. आणि शाळा असते ती साधारण माणसासाठींच.

दुसरें असें कीं कामच बदललें आहे. आज नेपथ्यकारास नाटक वाचून दार उजवीकडे कां आणि डावीकडे कां नाहीं, हें दिग्दर्शकास पटवावें लागतें. मापाबरहुकूम नकाशा काढावा लागतो, पुठ्ठ्याची लहान प्रतिकृति करावी लागते. दौऱ्यावरच्या नाटकाचा सेट गाडींत मावावा, प्रयोगापूर्वीं कांहीं तासांत उभा राहावा, आणि आज एका नाट्यगृहांत तर उद्यां निराळ्या रुंदीच्या नाट्यगृहांत बसावा, असा हिशेब लागतो. प्रकाशाचें शास्त्र तर वेगळेंच. दिवसा झळकणारा तांबडा रंग निळ्या दिव्याखालीं काळपट दिसतो. हें सर्व गणित आहे, आणि गणित शिकवितां येतें.

आतां अडचणी पाहूं. दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालीं निघालें. तेथें तीन वर्षांचें शिक्षण आहे आणि विद्यार्थ्यांस दरमहा विद्यावेतन मिळतें, ही गरिबास मोठीच सोय. पण अलीकडच्या जाहिरातींतील अटी वाचा: कोणत्याहि शाखेची पदवी, किमान सहा नाटकांत सहभाग, हिंदी व इंग्रजीचें कामापुरतें ज्ञान, आणि वय तिशीच्या आंत, अनुसूचित जातिजमातींस पांच वर्षांची सवलत. आपल्याकडे पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी आहे. त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव गोष्टीवर विसंबूं नये.

सहा नाटकांची अट पाहून पुष्कळ जण मागें फिरतात. “मीं कोठें तोंडाला रंग लावला?” असें म्हणतात. अहो, नाटकांतील सहभाग म्हणजे नुसतें भाषण ठोकणें नव्हे! ज्यानें राज्य नाट्यस्पर्धेंतील नाटकाचा वाडा उभा केला, ज्यानें झाडीपट्टींत हंगामभर पडदे बांधले, तो नाटकांतलाच माणूस आहे. फक्त त्याचा पुरावा ठेवावयास पाहिजे. तेव्हां आजपासून पुढील गोष्टी करा. प्रत्येक कामाचे फोटो काढा: अर्धवट असतांना, पूर्ण झाल्यावर, आणि दिव्यांखालीं. नाटकाचें नांव, तारीख, व आपण नेमकें काय केलें तें लिहा. दुसऱ्याचें काम आपलें म्हणूं नका; मुलाखतींत दोन प्रश्नांतच तें उघडें पडतें. संस्थेकडून लेखी पत्र त्याच वेळीं घ्या. आपल्याच घराच्या खोलीचा मापानें नकाशा काढण्याचा सराव करा. आणि एक नाटक घेऊन त्याचा सेट कागदावर रचा; लांकूड किती, खर्च किती, हेंहि मांडा. हा शेवटचा हिशेब पुस्तकी विद्यार्थ्यास सहसा साधत नाहीं, तुम्हांस साधतो. तेंच तुमचें भांडवल आहे.

पदवी नसेल तर मुक्त विद्यापीठांतून कामधंदा सांभाळून ती घेतां येते. पण त्यास वर्षें लागतात आणि वयाची अट थांबत नाहीं, म्हणून ही तयारी लौकर धरावी. घरच्यांशीं आधीं मोकळेपणानें बोलावें. तीन वर्षें चूल कशी पेटणार, म्हाताऱ्या आईचें औषध कोण आणणार, याचा हिशेब बायकोबरोबर बसून करावा. पत्नीलाच शिवणकामांतून वेशभूषा शिकावयाची असेल तर हाच हिशेब नवऱ्यानें तिच्यासाठीं करावा. शिक्षणासाठीं शेत मात्र गहाण टाकूं नये. ज्या विद्येपायीं सावकार दारीं येतो ती विद्या घरास लाभत नाहीं.

शेवटीं संस्थाचालकांस दोन शब्द. जागा थोड्या, पैसा जनतेचा, म्हणून तरुणांस प्राधान्य, हें तुमचें म्हणणें आम्हांस समजतें. अभिनयास तें लागूहि पडत असेल. परंतु लांकडाची जात, लोखंडाचा भार, कापडाची पडण्याची रीत हीं विसाव्या वर्षीं कळत नाहींत. तीं कळावयास हातावर घट्टे पडावे लागतात. ज्या घरांत मुलगा बाराव्या वर्षीं बापाच्या रंध्याशीं उभा राहतो तेथें पदवी उशिरांच येते. मग त्याच उशीराची शिक्षा त्यास कां? नेपथ्य, प्रकाश व वेशभूषा या शाखांसाठीं वयाची अट सैल करा. प्रत्यक्ष कामाचीं वर्षें मोजा. अर्ज व परीक्षा मराठींतूनहि ठेवा. पदवी नसलेल्या कारागिरांसाठीं सहा महिन्यांचा वर्ग काढा. यांत कोणावर मेहेरबानी नाहीं. रंगभूमीचाच त्यांत फायदा आहे.

आणि आमच्या बांधवांनो, अर्ज नाकारला गेला तर पुढच्या वर्षीं वय बसत असेतों पुन्हा भरा. न भरलेला अर्ज मात्र कोणीहि मंजूर करूं शकत नाहीं.