आयुर्विम्याचा भाग आणि विमेदाराचा वाटा

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रे चाळण्यासाठी जमणारी मंडळी बहुतेक निवृत्त. कोणी शिक्षक, कोणी एस.टी.तील हिशेबनीस, कोणी जिल्हा परिषदेतील कारकून. पूर्वी या बाकांवर महागाई भत्ता, पाऊसपाणी आणि निवडणुका हे विषय चालत. मे 2022 पासून त्यांत आणखी एका विषयाची भर पडली आहे : आयुर्विमा महामंडळाचा शेअर. भाव चढला की चेहरे फुलतात, उतरला की उसासे पडतात आणि ‘विकावा की धरून ठेवावा’ हा वाद चहा येईपर्यंत संपत नाही. ही माणसे सट्टेबाज नव्हेत. तुटपुंज्या पगारातून वर्षानुवर्षे हप्ते भरून त्यांनी मुलांची शिक्षणे आणि लग्ने पार पाडली आहेत. त्यांची थट्टा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु त्यांच्या चर्चेत एक प्रश्न कधीच निघत नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे. या भागाला किंमत यावी म्हणून कोणाच्या पदरातून काय काढून घेण्यात आले?

थोडा इतिहास आठवू या. 19 जानेवारी 1956 रोजी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या पुढाकाराने वटहुकूम निघाला आणि आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला. देशी-परदेशी कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था मिळून 245 संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी महामंडळ उभे राहिले. विमेदारांचा पैसा उद्योगपतींनी आपल्या घरच्या पेढीसारखा वापरू नये, आणि विमा शहरांतील सुखवस्तू थराबाहेर खेड्यापाड्यांत पोचावा, हे राष्ट्रीयीकरणाचे दोन हेतू होते. सरकारने त्यात घातलेले मूळ भांडवल किती? अवघे पाच कोटी रुपये. पुढे जो अवाढव्य निधी उभा राहिला, तो विमेदारांच्या हप्त्यांतून आणि त्यांवरील उत्पन्नातून. म्हणूनच 1956 च्या कायद्यातील कलम 28 ने मूल्यांकनात निघणाऱ्या शिल्लकेपैकी किमान 95 टक्के विमेदारांसाठी राखून ठेवले होते. उरलेले पाच टक्के सरकारचे. महामंडळ नावाने सरकारी असले, तरी व्यवहारात ते विमेदारांच्या परस्पर सहकार्याच्या जवळ जाणारी संस्था होते.

ही घडी मोडली ती 2021 साली. 1 फेब्रुवारी 2020 रोजी अंदाजपत्रकात भागविक्रीची घोषणा झाली. पुढच्या वर्षी वित्त कायद्याच्या पोटात महामंडळाच्या कायद्याला दुरुस्त्या घालण्यात आल्या. कोट्यवधी विमेदारांच्या हक्कांचा प्रश्न, पण तो धनविधेयकाच्या आडोशाने मार्गी लावला गेला. राज्यसभेला त्यावर निर्णायक मत देता आले नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला स्थगिती नाकारली, मात्र धनविधेयकाच्या वापराचा मुद्दा विचारार्थ घेतला.

या दुरुस्त्यांनी काय केले? पूर्वीचा एकच आयुर्विमा निधी दुभंगून दोन निधी केले. नफ्यात सहभागी असलेल्या विम्यांचा एक, सहभागी नसलेल्यांचा दुसरा. दुसऱ्या निधीची सर्व शिल्लक भागधारकांची ठरली. पहिल्या निधीत विमेदारांचा वाटा 95 वरून टप्प्याटप्प्याने 90 टक्क्यांवर आणण्याचे ठरले. परिणाम आकड्यांतच पाहा. मार्च 2021 अखेर महामंडळाचे अंतर्निहित मूल्य, म्हणजे भागधारकांच्या दृष्टीने धंद्याची किंमत, 95,605 कोटी रुपये होते. सहा महिन्यांनी, सप्टेंबर 2021 अखेर, ते 5,39,686 कोटी झाले. या सहा महिन्यांत महामंडळाने पाचपट विमे उतरवले नव्हते. बदलली होती ती शिल्लकेच्या वाटपाची रीत. जे विमेदारांच्या सामाईक निधीत होते, त्याचा मोठा हिस्सा भागधारकांच्या खात्यावर मोजला गेला, आणि मग त्याच मालाला बाजारात भाव लावण्यात आला.

आता वाचनालयातील गृहस्थाचा हिशेब मांडू. त्याला विमेदार म्हणून 60 रुपयांची सवलत मिळाली आणि 949 चा भाग 889 रुपयांना पडला. पंधरा भागांसाठी त्याने 13,335 रुपये भरले. 17 मे 2022 रोजी मुंबई शेअर बाजारात भागाचा पहिला भाव 867 रुपये 20 पैसे निघाला. मार्च 2023 अखेर तो साडेपाचशेच्याही खाली गेला. पुढे 2024 मध्ये तो हजाराच्या वर चढला, हेही सांगितले पाहिजे. परंतु भावाचा चढउतार हा येथे मुद्दाच नाही. सहभागी विम्यांच्या शंभर रुपये शिल्लकेतले जे पाच रुपये विमेदारांकडून सरकवले जातात, त्यांपैकी साडेशहाण्णव टक्के मालकी असलेल्या सरकारच्या वाट्याला चार रुपये साडेब्याऐंशी पैसे येतात. राहिलेले साडेसतरा पैसे लहानमोठ्या सर्व खासगी भागधारकांत वाटले जायचे. आपला गृहस्थ विमेदार म्हणून रुपया गमावतो आणि भागधारक म्हणून त्यातल्या पैशाच्या तुकड्याची वाट पाहतो. वर भाव चढला की टाळ्याही वाजवतो!

यावर तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला असा की, सरकारकडे गेलेला पैसा जनतेचाच झाला. समाजवाद्यांनी या युक्तिवादाला भुलू नये. अंदाजपत्रकातील खड्डा बुजवण्यासाठी कमावत्या धनिकांवर कर बसवायचा नाही आणि कारकुनाच्या बोनसला हात घालायचा, याला समाजवाद म्हणत नाहीत. शिवाय सरकारचा हिस्सा कायम राहणार नाही. जनतेकडील भाग दहा टक्क्यांवर नेण्यासाठी सेबीने मे 2027 पर्यंतची मुदत दिलेली आहे. आज जे सरकारकडे सरकले, ते उद्या खासगी हातांत जाईल.

दुसरा आक्षेप पारदर्शकतेचा. बाजारात आल्याने कारभार उघडा होतो, असे म्हणतात. महामंडळाच्या पैशाचा दुरुपयोग झालाच नाही, असे आम्ही म्हणत नाही. 1957 चे मुंदडा प्रकरण आम्ही विसरलेलो नाही. पण ते उघडकीस कोणी आणले? लोकसभेत फिरोझ गांधींनी. चौकशी केली न्यायमूर्ती छागला यांनी आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना 1958 मध्ये पायउतार व्हावे लागले. तो पहारा संसदेचा होता, शेअर बाजाराचा नव्हे. उलट मुंदडांचे भाग विकत घेण्याचे समर्थन करताना बाजार सावरण्याचेच कारण पुढे करण्यात आले होते.

तिसरा आक्षेप आमच्या बाकावरील एका अभ्यासू मित्राचा. अमेरिकेतील बर्कशायर हॅथवे विम्याच्या पैशावर उद्योग विकत घेत मोठी झाली, तिच्या छोट्या भागधारकांचेही कल्याण झाले, मग आपल्याकडे का होऊ नये, असे ते विचारतात. तुलना फसवी आहे. बर्कशायरचा मुख्य पाया साधारण विमा आणि पुनर्विमा हा आहे. तेथे ग्राहकाला शिल्लकेत वाटा देण्याचे वचन नसते. आयुर्विम्याच्या सहभागी विमेदाराला ते वचन होते, तेही संसदेच्या कायद्याने. तुलनाच करायची तर परस्पर विमा संस्थांशी करा. मेटलाइफ 2000 साली, प्रुडेन्शियल 2001 साली आणि स्कॉटलंडची स्टँडर्ड लाइफ 2006 साली भागभांडवली कंपन्या झाल्या, तेव्हा त्यांनी विमेदारांच्या मालकी हक्काचा मोबदला म्हणून त्यांना भाग दिले. आपल्या विमेदाराला मात्र साठ रुपयांची सवलत दाखवून, त्याच्याच निधीवर बेतलेला भाग त्यालाच विकण्यात आला.

भागधारकांचे राज्य आले की धोरणही बदलते. ज्या विम्यांची सर्व शिल्लक भागधारकांना मिळते, त्यांचे प्रमाण वाढवणे हे महामंडळाचे जाहीर उद्दिष्ट झाले आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये विमा मोडल्यास विमेदाराला अधिक रक्कम देण्याचे नवे नियम आले. नियम विमेदाराच्या हिताचे होते. पण त्याचा भार कोणी सोसला? एंडोमेंट विम्याची किमान रक्कम एक लाखावरून दोन लाखांवर नेण्यात आली आणि एजंटांचे पहिल्या वर्षाचे कमिशन कापले गेले. लाखाचाच विमा परवडणारी शेतमजूर स्त्री दाराबाहेर राहिली, तिच्या दारी जाणाऱ्या एजंटाची मिळकत घटली आणि भागधारकांचा नफा सुरक्षित राहिला. राष्ट्रीयीकरणाचा दुसरा हेतू असा हळूहळू गुंडाळला जात आहे.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट हवी. निधी कोणत्या हिशेबाने दुभंगला, याची श्वेतपत्रिका संसदेपुढे यावी. विमेदारांचा 95 टक्के वाटा कायद्याने परत मिळावा. संचालक मंडळावर त्यांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत. लहान रकमेचे विमे उतरवण्याचे बंधन महामंडळावर घालावे. आणि पुढची भागविक्री थांबवावी. कर्मचारी संघटना हा लढा देत आहेत. पण तो केवळ नोकरांचा लढा म्हणून एकाकी पडू देता कामा नये.

कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यांत विमेदारांच्या सभा घ्याव्यात. वाचनालयाच्या बाकांवर बसलेल्यांना आपले शत्रू समजू नये. त्यांच्या एका खिशात पंधरा भाग असतील, पण दुसऱ्या खिशात वीस वर्षे भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या आहेत. भाव काय झाला, हे त्यांना वर्तमानपत्र रोज सांगते. बोनसचे काय झाले, हे आपण सांगायचे आहे.