स्वयंपाकघरातील विजेचा ताळेबंद

व्यापारी घरात नवी वस्तू येते तेव्हा तिचा भाव चार दुकानी विचारला जातो, हमी किती वर्षांची याची चौकशी होते आणि पावती जपून ठेवली जाते. परंतु ती वस्तू ज्या वायरवर चालणार, त्या वायरीला ती पेलवेल का, हे सहसा कोणी विचारीत नाही. इंडक्शन शेगडी, विजेची किटली, ओव्हन ही उपकरणे आता आपल्या घरांत स्थिरावली आहेत. जुन्या घरांच्या भिंतींतील तारा मात्र बहुधा दिवा, पंखा आणि मिक्सर एवढ्याच हिशेबाने ओढलेल्या असतात. आज त्या हिशेबाची फेरतपासणी करू.

आपल्या घरी वीज २३० व्होल्ट दाबाने येते. उपकरणावरील वॅटच्या आकड्याला २३० ने भागले की ते किती अँपिअर प्रवाह ओढते हे कळते. २००० वॅटची शेगडी सुमारे ८.७ अँपिअर ओढते, १५०० वॅटची किटली ६.५ आणि ७५० वॅटचा मिक्सर ३.३. भिंतीवरील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते, मोठे १६ अँपिअरचे. म्हणजे शेगडी एकटीच लहान सॉकेटला झेपणारी नाही. आणि तिन्ही उपकरणे एकाच तारेवर चालविली, तर बेरीज १८.५ होऊन मोठ्या सॉकेटची मर्यादाही ओलांडली जाते.

आपल्या घरांत ही बेरीज नेमकी एकाच वेळी होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकावयाची असल्याने पेढीवरून मंडळी येण्याच्या सुमारास सारा स्वयंपाक तासाभरात चालतो, आणि त्याच वेळी उकळलेले पाणीही हवे असते. महिन्याचे वीजबिल माफक असेल, पण बिल युनिटांवर ठरते. तार तापते ती त्या क्षणीच्या प्रवाहाने. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. भिंतीआडचे आवरण अशा उष्णतेने वर्षानुवर्षे कडक होत जाते, तडकते, आणि एखाद्या संध्याकाळी पेट घेते.

यावरचा उपाय साधा आहे. शेगडी, ओव्हन आणि किटली यांसाठी १६ अँपिअरची सॉकेटे घ्यावीत आणि प्रत्येक सॉकेटला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर असावी. ती किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी. अंतर लांब असल्यास ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी. वायरवर आयएसआय चिन्ह पाहूनच ती खरेदी करावी. मोठा प्लग लहान सॉकेटात बसविणारे जोड आणि ओट्यामागे लोंबणारे एक्स्टेन्शन बोर्ड या उपकरणांसाठी मुळीच वापरू नयेत.

प्रत्येक तारेला तिच्या क्षमतेनुसार एमसीबी हवा. भार वाढला की तो खाली पडतो. तो वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ अँपिअरचा बसविणारे वायरमन भेटतात. तूट दाखविणाऱ्या मुनिमालाच कामावरून काढावे, तसा हा प्रकार आहे. तूट तशीच राहते, ती सांगणारा तेवढा जातो.

मात्र एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसाच्या जिवाला अँपिअरचा अल्प अंशही घातक ठरतो आणि तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी हलतसुद्धा नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा तो अखंड मेळ घालतो. तफावत दिसताच निमिषार्धात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबूनही वीज गेली नाही, तर ते यंत्र निकामी झाले असे समजावे. आरसीसीबी स्वतः जादा भार ओळखीत नाही, म्हणून दोन्ही हवेत.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. प्लगची जाड, लांब पिन प्रथम आत शिरते ती याच कारणाने की, वीज पोहोचण्याआधी उपकरणाचा धातूचा सांगाडा जमिनीशी जोडला जावा. जुन्या वाड्यांत ही तिसरी तार पुष्कळदा नसतेच. पिनेचे छिद्र दिसते, मागे काहीच नसते. स्टीलच्या किटलीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ती किरकोळ बाब मानू नये. उपकरण तत्काळ बंद करून अर्थिंग तपासून घ्यावे.

सॉकेट मोरीपासून दूर आणि शेगडीच्या वाफेबाहेर असावे. प्लग गरम लागणे, सॉकेट तपकिरी होणे, जळका वास येणे या सूचनांकडे काणाडोळा करू नये. कोणास धक्का बसल्यास त्याला हात न लावता आधी मुख्य स्विच बंद करावा, आणि विजेच्या आगीवर पाणी ओतू नये, हे घरातील मुलांना व कामास येणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवावे.

हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे आणि एकूण भार वाढत असल्यास वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून मागावा. दिवाळीपूर्वी पेढीच्या वह्या तपासल्या जातात, त्याच आठवड्यात घराचा मुख्य बोर्डही उघडून दाखवावा. दुपारभराचे काम आहे. आणि घरातील ज्या स्त्रिया रोज त्या ओट्याशी उभ्या राहतात, त्यांचा जीव त्यावर अवलंबून आहे.