मेंदू खाणाऱ्या प्राण्याची अर्धीच गोष्ट

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. समुद्रात सी स्क्वर्ट नावाचा प्राणी आहे, तो एकदा खडकाला चिकटला की स्वतःचा मेंदू खाऊन टाकतो. अगदी नोकरीत कायम झालेल्या मास्तरांसारखा! विनोद मूळचा आपल्याकडचा नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांच्या १९९१ च्या पुस्तकात तो प्राध्यापकांवर आहे. मास्तरांना टोमणा बसला याचं मला काही नाही, आम्हाला सवय आहे. माझी तक्रार त्या प्राण्याच्या बाजूने आहे.

मी उर्दू-मराठी शिकवतो, विज्ञान नाही. पण दहावीच्या विज्ञानात हर्डमानिया या नावाने हाच प्राणी उदाहरणापुरता येतो. मुलं एका गुणासाठी नाव पाठ करतात, विषय संपतो.

मोठा झालेला सी स्क्वर्ट म्हणजे धक्क्याच्या खांबाला किंवा जहाजाच्या बुडाला चिकटलेली एक पिशवी. तिला दोन तोंडं. एकातून पाणी आत घ्यायचं, त्यातले बारीक जीव गाळून खायचे, दुसऱ्यातून पाणी बाहेर. हात लावला की पिचकारी उडते. त्याचं हृदय काही वेळ एका दिशेने रक्त ढकलतं आणि मग चक्क उलट्या दिशेने. अंगावरच्या आवरणात सेल्युलोज असतं, जे आपण झाडांचं समजतो.

अशा पिशवीला पूर्वी शिंपल्या-गोगलगायींच्या गटात टाकलं जाई. १८६६ मध्ये अलेक्सांडर कोवालेव्हस्की या रशियन संशोधकाने तिचं बालपण नीट पाहिलं. डिंभ बेडकाच्या पिल्लासारखा पोहतो. त्याच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो, त्यावर चेतारज्जू. म्हणजे गोगलगाय दूरच, हा पाठीचा कणा असणाऱ्यांचा नातलग निघाला. डार्विननेही १८७१ च्या पुस्तकात याची दखल घेतली. २००६ मध्ये जनुकांच्या तुलनेतून तर दिसलं की पृष्ठवंशीयांना आज हयात असलेला सर्वांत जवळचा गट हाच.

उत्क्रांती म्हटलं की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठी पडते. वाद जरूर घालू, पण आधी डिंभाचं चित्र तरी बघा.

आता मेंदूचं. डिंभ काही खात नाही. त्याचं काम जागा शोधणं. पोहणं काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. जागा मिळाली की तो डोक्याकडून चिकटतो, शेपटी अंगात जिरते, उजेड ओळखणारा ठिपका जातो, डिंभाच्या मेंदूचा बराच भाग मोडतो. पण दोन तोंडांच्या मधोमध मज्जापेशींची नवी गाठ तयार होते आणि तीच पुढे काम पाहते. सुरवंटाचं फुलपाखरू झालं तर आपण कौतुक करतो, याला मात्र आळशी ठरवतो. हा कुठला न्याय?

आणि उपयोगच मोजायचा असेल तर कॅरिबियन समुद्रातल्या एका सी स्क्वर्टमधून ट्रॅबेक्टेडिन हे औषध सापडलं. मऊ ऊतींच्या कर्करोगासाठी त्याला युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. खांबावरची घाण म्हणून खरवडून टाकतात, त्याच कुळातला हा जीव.

विज्ञानाच्या सहकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. हर्डमानियाचं नाव फळ्यावर लिहाल तेव्हा शेजारी शेपटीवाला डिंभही काढा. दोनच मिनिटं लागतील.