नळांचा ठणठणाट आणि घरमालकाचे उत्तरदायित्व

शिक्षणासाठी अथवा नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला जाऊन एखाद्या जुन्या इमारतीत भाड्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या आपल्याकडील तरुणांना पहिल्याच हिवाळ्यात थंडीच्या जोडीने आणखी एका उपद्रवाशी परिचय करून घ्यावा लागतो, आणि तो म्हणजे पहाटेच्या नीरव प्रहरी भिंतीलगतच्या लोखंडी नळातून उठणारा, निजलेल्या माणसाला दचकून जागे करणारा ठणठणाट. तक्रार करावी तर ‘इमारत जुनी आहे, हे असे चालायचेच’ हे ठरीव उत्तर मिळते; आणि परमुलखात नवखा असलेला, भाडेकरार पुढे चालू राहील की नाही या धास्तीत असलेला भाडेकरू ते निमूटपणे मान्य करतो. मला ते मान्य नाही. कारण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ते असत्य आहे आणि कायद्याच्या दृष्टीने अपुरे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेल्या तेथील पुष्कळ इमारतींत तळघरातील बॉयलरमध्ये वाफ तयार करून ती नळांवाटे मजलोमजली पोहोचविण्याची व्यवस्था आहे. तिच्या एकनळी प्रकारात ज्या नळाने वाफ वर चढते त्याच नळाने, रेडिएटरमध्ये निवल्यावर तिचे झालेले पाणी खाली उतरते. आणि हा परस्परविरुद्ध प्रवास निर्वेध चालावा म्हणून नळांना व रेडिएटरला नेमका उतार दिलेला असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने जमीन दबते, नळाचा एखादा टेकू निसटतो, उतार नाहीसा होऊन खोलगट जागी पाणी साचून राहते, आणि मग वेगाने धावत येणारी वाफ त्या साचलेल्या पाण्याचा लोट उचलून पुढच्या वळणावर आदळते. हाच तो घणाघात. बॉयलरचा दाब नको तितका वाढविलेला असणे, त्यातील पाणी गढूळ अथवा प्रमाणाबाहेर असणे, तळघरातील नळांवरील उष्णतारोधक वेष्टन झडून गेलेले असणे, ही त्याची इतर कारणे. आणि यांपैकी एकही असे नाही की ज्यावर जाणत्या कारागिराला इलाज करता येऊ नये. वय झाले म्हणून नळ वाजत नाही. त्याची निगा राखली गेली नाही म्हणून तो वाजतो.

अर्थात प्रत्येक आवाज दोषाचा नव्हे, आणि भाडेकरूने हा भेद जाणून घेतल्यास त्याच्या तक्रारीला वजन येते. दहा मीटर लांबीचा लोखंडी नळ वाफेने तापला म्हणजे सुमारे एक सेंटीमीटरने वाढतो, आणि जमिनीतील भोक त्याला घट्ट बसत असेल तर घासत वर सरकताना टिकटिकतो. भोक किंचित मोठे केले की हा त्रास थांबतो. रेडिएटरच्या कडेला असलेल्या लहानशा झडपेतून आतली हवा बाहेर पडताना क्षीण सुस्कारा ऐकू येणे स्वाभाविकच आहे; परंतु ती अखंड फुसफुसत असेल वा पाणी थुंकत असेल तर ती निकामी झाली असे समजावे. एक गोष्ट मात्र भाडेकरूच्या हातची आहे आणि ती बहुतेकांना कोणी सांगत नाही: एकनळी पद्धतीतील रेडिएटरची तोटी एकतर पुरती उघडी असावी किंवा पुरती बंद. उकाडा कमी व्हावा म्हणून ती अर्धवट फिरविली तर वाफ आत शिरते, पण पाण्याला परतीची वाट पुरत नाही, आणि आपल्याच हाताने आपण ठणठणाटाला निमंत्रण देतो. याहून पुढची दुरुस्ती स्वतः करू नये. वाफेने भाजणे ही क्षुल्लक बाब नाही.

आता कायद्याकडे वळू. न्यूयॉर्क शहराच्या नियमानुसार १ ऑक्टोबर ते ३१ मे या मुदतीत, बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेल्यास, सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत घरात किमान ६८ अंश आणि रात्री, बाहेर काहीही असो, किमान ६२ अंश ऊब देणे घरमालकावर बंधनकारक आहे. सहाच्या ठोक्याला ६८ अंश गाठायचे म्हणजे बॉयलर पहाटेच पेटवावा लागतो, आणि रात्रभर निवत गेलेल्या नळांत वाफ शिरते ती नेमकी गाढ झोपेच्या वेळी. नियमाचा हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु तक्रारीवरून आलेला निरीक्षक तापमान मोजतो, ते योग्य भरले की घरमालकाची कसूर उरत नाही, आणि त्या उबेसाठी कुटुंबाने किती झोप गमावली याची नोंद त्या दप्तरात होत नाही.

तरीही भाडेकरू निराधार नाही. राज्याच्या कायद्यात १९७५ पासून निवासयोग्यतेची हमी प्रत्येक भाडेकरारात गृहीत धरली आहे, अतिरेकी गोंगाटाने ती भंग पावल्याचे ठरवून न्यायालयांनी भाड्यात सूट दिल्याचे दाखले आहेत, दुरुस्तीसाठी गृहन्यायालयात दाद मागता येते, आणि प्रामाणिकपणे तक्रार करणाऱ्यावर सूड म्हणून त्याला घराबाहेर काढण्यास कायद्याची मनाई आहे. म्हणून आपल्या मुलामुलींना माझे आग्रहाचे सांगणे असे की, इमारतीच्या देखभाल्याशी तोंडी बोलून थांबू नये. आवाज कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणत्या खोलीत झाला याची टिपणे ठेवावीत, ध्वनिमुद्रण करावे, घरमालकास लेखी अर्ज द्यावा व त्याची प्रत जपून ठेवावी. वरच्या आणि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडांनाही विचारावे, कारण उभा नळ सर्वांना सामाईक असतो आणि चार घरांच्या सह्यांचा अर्ज सहसा दुर्लक्षिला जात नाही.

शहराच्या कारभाऱ्यांकडे माझी मागणी याहून मोठी आहे. तापमानाच्या जोडीने नळांचा उतार, बॉयलरचा दाब आणि वेष्टनाची स्थिती यांच्या वार्षिक तपासणीचा दाखला घरमालकाकडून सक्तीने घ्यावा. आणि ही तपासणी सप्टेंबरातच व्हावी, कारण एकदा थंडीला आरंभ झाला की दुरुस्तीसाठी बॉयलर बंद ठेवण्यास लहान मुले वा वृद्ध असलेले कोणतेही घर राजी होणार नाही.