अँटेना उतरला, हिशेब राहिला



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि वस्तीतल्या एका आजींनी मला बाजूला घेतले. धुणीभांडी करून पोट भरणाऱ्या आजी. पदराच्या गाठीतून पावत्यांची सुरळी काढून म्हणाल्या, "भाऊ, तू कारकुनी करतोस. जरा हिशेब बघ."

पावत्या टीव्हीच्या होत्या. दरमहा २२५ रुपये. दोन वर्षांची बेरीज ५,४०० रुपये! आजींच्या छपरावर अँटेना होता. एके दिवशी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. दुकानदाराने सांगितले, "अँटेनाचा जमाना संपला. आता महिन्याला पैसे भरल्याशिवाय दूरदर्शनसुद्धा दिसणार नाही." आजींनी विश्वास ठेवला.

दुकानदाराचे पहिले वाक्य खरे, दुसरे साफ खोटे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे चाळीत एखाद्याच्या घरी टीव्ही आला की सारी चाळ तिथे जमे. एकाने छपरावर चढून अँटेना फिरवायचा, खालून बाकीच्यांनी "आलं, आलं! नाही, गेलं!" म्हणून ओरडायचे. चित्र हलायचे, सावल्या पडायच्या, पण दिसायचे. महिन्याचे भाडे नव्हते.

ते जुने ॲनालॉग तंत्र. नव्या डिजिटल पद्धतीत चित्र आकड्यांच्या रूपाने येते. त्यामुळे जुन्या एका वाहिनीच्या जागेत अनेक वाहिन्या मावतात. मात्र इथे अधलेमधले काही नाही. लहरी पुरेशा मिळाल्या तर चित्र स्वच्छ, नाहीतर चौकोन पडून पडदा थिजतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की सुमारे ५० मोक्याची ठिकाणे सोडून जुने ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. आजींच्या मुंग्यांचे कारण हे.

पण दूरदर्शनची मोफत डिश डिसेंबर २००४ पासूनच चालू आहे. तिला आज डीडी फ्री डिश म्हणतात. छत्री आणि पेटीचा एकदाच साधारण दीड-दोन हजार खर्च, नंतर महिन्याचा एक पैसाही नाही. सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात आणि पहिली ते बारावीच्या मुलांसाठी शैक्षणिक वाहिन्याही दिसतात. जुना टीव्ही भंगारात देऊ नका. तीन रंगी पिनांची वायर लागत असेल तर ही पेटी त्यालाही चालते. आपल्याकडे छत्रीचे तोंड आग्नेयेला लागते. समोर झाड किंवा इमारत नको. जोराच्या पावसात चित्र थोडा वेळ जाते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

आता मुख्य प्रश्न. बदलाला माझा विरोध नाही. पण बदलाचा खर्च कोणी सोसायचा? अमेरिकेत २००९ साली ॲनालॉग बंद झाले, तेव्हा सरकारने प्रत्येक घराला पेटीसाठी ४० डॉलरची दोन कुपने देऊ केली. कुपने कमी पडली म्हणून फेब्रुवारीची तारीख जूनवर ढकलली. ब्रिटनने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणि अपंगांसाठी खास मदत योजना चालवली. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने आठ लाखांहून अधिक मोफत पेट्यांची योजना मंजूर केली, पण ती दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त, सीमावर्ती भागांसाठी आणि आकांक्षित जिल्ह्यांसाठी. त्या भागांना मिळाल्याच पाहिजेत. पण शहरातल्या झोपडपट्टीतल्या आजींचे काय?

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. म्हणजे त्या आजींच्याही आहेत. मालकिणीलाच दोन वर्षे भाडे भरावे लागले, कारण तिला कोणी सांगितले नाही. सांगण्याचे काम आपले होते. मीही त्याच वस्तीत राहतो. मला ठाऊक होते आणि मी गप्प होतो, ही माझी चूक.

गेल्या रविवारी विहारातल्या दोन पोरांनी आजींच्या पत्र्यावर छत्री बसवली. आजी खालून ओरडल्या, "आलं, आलं!"

तरुणांनो, एक रविवार वस्तीला द्या. घरोघरी जाऊन पावत्या पाहा. ज्यांना जास्त वाहिन्या हव्यात त्यांनी खुशाल पैसे भरावेत. पण फसून कोणी भरू नये. शिका या शब्दात हेही शिकणे आले.

जयभीम!