नोटेमागचा हिशेब

कामठीच्या बाजारात पाचशेची नोट पुढे केली, की दुकानदार ती आधी उजेडासमोर धरतो. गांधीजींचे जलचिन्ह दिसले, चमकती तार दिसली, की नोट गल्ल्यात. या तपासणीचा कुणाला राग येत नाही. पण नोटेवरचा खरा पहारा नाशिकरोडला, छापखान्यातच बसलेला असतो, हे आपल्या ध्यानात कुठे असते?

इंग्रजी अमदानीत आपली टपाल तिकिटे लंडनच्या डे ला रू कंपनीकडून बोटीने येत. नोटाही विलायतेतच छापल्या जात. १९२५ साली नाशिकरोडला सरकारी मुद्रणालय उभे राहिले, आणि १९२८ मध्ये पाच रुपयांच्या नोटेची छपाई तिथे सुरू झाली. पुढे स्टॅम्पपेपर आणि पासपोर्टही तिथलेच. फाळणीनंतर काही महिने पाकिस्तानसाठीही, त्या सरकारचे नाव वर उमटवलेल्या नोटा नाशिकनेच छापून दिल्या. गंमत पाहा, १९४८ साली गांधीजींची पहिली तिकिटे मात्र स्वित्झर्लंडहून छापून आणली! ज्यांनी जन्मभर स्वदेशी सांगितली, त्यांच्याच वाट्याला हे यावे!

अशा छापखान्यात शाई आणि कागदाइतकीच महत्त्वाची असते ती मोजदाद. आत गेलेला प्रत्येक ताव हिशेबाला लागला पाहिजे, बिघडलेला तर आधी. शंभराच्या गड्डीतली एक नोट खराब निघाली, तर तिच्या जागी क्रमांकात चांदणी असलेली नोट घालतात. ही पद्धत २००६ पासूनची. चांदणी पाहून नोट खोटी समजणारे अजूनही भेटतात. तसे काही नसते.

पण कागदाचा हिशेब चोख ठेवून भागत नाही, हे तेलगीने दाखवून दिले. खानापूरचा हा अब्दुल करीम तेलगी मुद्रांकविक्रीचा परवाना मिळवून बनावट स्टॅम्पपेपर विकत राहिला. नाशिकच्या प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रे त्याच्या हाती लागल्याचे तपासात पुढे आले. २००१ साली तो पकडला गेला, २००७ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली, २०१७ साली तो वारला. आपण त्याच्या दौलतजादाच्या कहाण्या चवीने वाचल्या, पडद्यावर पाहिल्या. यंत्र भंगारात काढणाऱ्या फायलीवर सह्या कुणाच्या होत्या, हे विचारण्याची चव मात्र आपल्याला नव्हती. माझ्या मते खरा घोटाळा त्या फायलीत होता. गरिबाने मोलाने घेतलेल्या घराचा कागद खोट्या मुद्रांकावर निघाला, तर त्याने कुणाच्या दारात जायचे?

आता ई-मुद्रांक आले, पासपोर्टातही चिप आली. म्हणजे उद्या भंगारात निघतील ते संगणक. ते कोण मोडीत काढतो, कुणासमोर, आणि त्याची नोंद कुठे राहते, एवढे सरकारने दरवर्षी जाहीर करावे.