नोकरी सोडताय? पेन्शनच्या पैशांना हात लावू नका

भांडवलाच्या व्हिडिओत एक मुद्दा राहून गेला होता, तो आज घेतोय.

पाताळगंगा एमआयडीसीत सात-आठ वर्षं काढलेला माणूस स्वतःचा धंदा सुरू करायला निघाला की त्याची पहिली नजर पीएफवर जाते. पीएफचं एकवेळ समजू शकतो. पण बरेच जण फॉर्म १०सी भरून पेन्शनचेही पैसे काढतात आणि दुकानाच्या डिपॉझिटमध्ये घालतात. हे करू नका, असं माझं ठाम मत आहे.

कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये, ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत जातात. दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन. हिशोब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० धरली तर दहा वर्षांचे महिना २,१४३ रुपये होतात. फार नाहीत, मान्य. पण ते हयातभर येतात. आठव्या वर्षी पैसे उचललेत की ती आठ वर्षं पुसली गेली.

त्याऐवजी त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागा. उद्या धंदा नाही जमला आणि परत नोकरी धरली, तर जुनी वर्षं पुढे जोडली जातात. आणि नववं वर्ष चालू असेल तर सरळ सांगतो, दुकानाचा मुहूर्त पुढे ढकला. दहा भरू द्या.

कुणी म्हणेल, सर, तोच पैसा धंद्यात दुप्पट होईल. होईलही. पण रसायनीकरांना मी काय सांगायचं? हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्ससारखी सरकारी कंपनी, १९६० सालची. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिचे इथले प्लांट बंद करायला मंजुरी दिली. इस्रोच्या कामाचा एक तेवढा वगळला. कारखाना बंद पडला तरी ईपीएसमध्ये भरलेली वर्षं कामगाराच्या नावावर राहतात. दुकानात घातलेल्या पैशाचं तसं नसतं, दुकान बसलं की तोही बसतो.

आता पुढचं. मालक झालात की तुमच्यासाठी १,२५० भरणारा कुणी उरत नाही. भरायचे ते तुम्हीच, आणि स्वखुशीने. वय १८ ते ४० असेल तर अटल पेन्शन योजना बघा. साठीनंतर महिना ५,००० पेन्शन हवी असेल तर पंचविशीत सुरू करणाऱ्याला महिना ३७६ रुपये पडतात, तिशीत ५७७, पस्तिशीत ९०२ आणि चाळिशीत १,४५४. थांबण्याची किंमत यातच दिसते. हप्ता तिमाही किंवा सहामाहीही भरता येतो, म्हणजे सीझनवर चालणाऱ्या धंद्याला सोयीचं. मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून, आयकर भरणाऱ्याला किंवा पूर्वी कधी भरलेल्याला यात नव्याने शिरता येत नाही. त्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी एनपीएसकडे जावं. २००९ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. तिथे ठरावीक रकमेची हमी नाही, बाजारावर अवलंबून आहे.

गल्ल्यावर बसणाऱ्या वहिनींचं काय? दिवसभर राबतात, पगार शून्य, पीएफ शून्य. त्यांचं खातं वेगळं काढा. नवरा तीस, बायको पंचवीस असेल तर दोघांचे मिळून महिना ९५३ रुपये. सव्वीस दिवस दुकान उघडं धरलं तर दिवसाला ३७ रुपयांच्या आत. हे पैसे नफ्यातून उरले तर भरू, असं ठेवलंत तर कधीच उरणार नाहीत. भाडं, लाईटबिल कॉस्टिंगमध्ये धरता ना? तिथेच हेही धरा आणि मग मालाचा भाव काढा.

तीस वर्षांनी ५,००० ला काय येणार, हा प्रश्न रास्त आहे. महागाई त्यातलं बरंच खाईल. म्हणून मी याला तळ म्हणतो. धंदा चालला तर त्यावर आणखी रचा.

आणि ज्यांची दहा वर्षं भरलीत, ५८ जवळ आलंय आणि धंदा बरा चाललाय, त्यांनी ईपीएसची पेन्शन लगेच सुरू करायची घाई करू नये. साठपर्यंत थांबलात तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. उलट पन्नाशीनंतर लवकर घेतली तर जितकी वर्षं आधी, तितके ४-४ टक्के कमी.

राजीनामा टाईप करण्याआधी पीएफचं पासबुक उघडा, पेन्शनचा रकाना बघा आणि कंपनीत लागल्याची तारीख बरोबर आहे का तपासा. चूक असेल तर कंपनीत असतानाच दुरुस्त करून घ्या, नंतर फेऱ्या माराव्या लागतात.